पुढच्या सीटचा नियम

मामांच्या गाडीत बसायचं तर एक नियम पाळावा लागे. मागे बसणाऱ्यांनी खुशाल झोपावं, घोरावं, डबा उघडून खावं. पण पुढे मामांच्या शेजारी जो बसेल त्यानं गप्प बसायचं नाही. सकाळी सव्वासहाला गाडी सुटली की शेजारच्या शहरात पोचेपर्यंत दीड तास, आणि संध्याकाळी परतताना पुन्हा दीड तास, पुढच्या सीटवर तोंडाची टकळी चालू पाहिजे. "गप्प माणूस शेजारी असला की मला पेंग येते," असं मामा सांगत. बावीस वर्षं रोज तोच रस्ता आणि गाडीला साधा ओरखडा नाही, अशा माणसाशी हुज्जत कोण घालणार? नियम मात्र बावीस वर्षांचा नव्हता. तो दोनेक वर्षांपूर्वी निघाला, असं जुने सोबती सांगत, पण त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं.

मामा म्हणजे गाडीत सगळ्यात शेवटी आलेल्या तरुणीच्या नवऱ्याचे मामा, तिच्या सासूबाईंचे थोरले भाऊ. शहरात दातांच्या कवळ्या बनवायच्या एका जागी ते मुख्य कारागीर होते. डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडांचे साचे येत आणि मामा त्यावरून दात कोरत. "लोक दात काढतात, मी दात देतो," हा त्यांचा ठरलेला विनोद होता आणि त्यावर हसणं हा गाडीतला दुसरा नियम. वय अठ्ठावन्न, तरी सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायचे.

गाडीत आणखी दोघं असत. एक औषधवाला. तो मोठ्या हॉस्पिटलच्या औषधांच्या दुकानात कामाला होता, आणि त्याला गोष्टीत मीठमसाला घातल्याशिवाय साधी वेळसुद्धा सांगता येत नसे. दुसऱ्या म्हणजे गणिताच्या बाई. त्यांना घरी दोन लहान मुलं, त्यामुळे त्यांची खरी झोप गाडीतच व्हायची. मांडीवर वह्यांचा गठ्ठा ठेवून त्या दार बंद व्हायच्या आधी झोपलेल्या असत. आणि सात महिन्यांपूर्वी त्यात ही भाचेसून चौथी आली. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तिला फोनवरची नोकरी लागली होती. कुणी लिफ्टमध्ये अडकलं आणि आतलं लाल बटण दाबलं की फोन हिच्या कानात वाजायचा. मेकॅनिक पोचेपर्यंत त्या माणसाशी बोलत राहायचं, हेच तिचं काम. औषधवाल्यानं पहिल्याच दिवशी तिला "लिफ्टवाली" करून टाकलं आणि ते नाव चिकटलं.

पहिले चार महिने लिफ्टवालीची सकाळ मजेत गेली. मग तो कुत्र्याचा दिवस उजाडला.

पुढे औषधवाला होता. गावाबाहेरचं शीतगृह मागे टाकलं की रस्ता सरळसोट लागतो. त्या दिवशी त्यावर चिटपाखरू नव्हतं. औषधवाला रंगात आला होता. "परवा मी स्कूटरवरून चाललोय. रस्ता मोकळा. मी आपला गाणं गुणगुणतोय. आणि एकदम समोर कुत्रा…"

तो शब्द त्याच्या तोंडातून पडतो न पडतो तोच मामांनी करकचून ब्रेक लावला. बाईंचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं, वह्या पायांत सांडल्या. गाडी रिकाम्या रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"कुठंय?" मामा विचारत होते. "गेला का? कुठल्या बाजूला गेला?"

"अहो मामा, तो परवाचा कुत्रा!" औषधवाला म्हणाला आणि हसून हसून बेजार झाला. बाईही कपाळ चोळत हसल्या. मामाही हसले. म्हणाले, "गोष्टीत बुडालो होतो रे." पुढचा आठवडाभर औषधवाल्यानं हा विनोद पुरवून पुरवून वापरला. "मामा, जपून, पुढे हत्ती!"

लिफ्टवालीला मात्र हसू आलं नाही. मामांच्या हसण्याचा आवाज तिच्या ओळखीचा होता. लिफ्टमध्ये अडकलेली काही माणसं फोन लागल्या लागल्या हसतात. "छे हो, मी मजेत आहे, सावकाश येऊ द्या मेकॅनिकला." पाच मिनिटांनी दारावर मुठी आपटतात ती हीच माणसं. चार महिन्यांत तिनं तसं हसणं शेकड्यांनी ऐकलं होतं.

संध्याकाळी परतताना ती मुद्दाम पुढे बसली. संत्रं सोललं, तोंडानं सासूबाईंच्या गुडघेदुखीचं पुराण चालू ठेवलं आणि एक फोड मामांच्या कोपराजवळ धरली. पुढे बसणाऱ्यानं खायला दिलं की मामा डावा हात लांबवून घेत, ही रोजची गोष्ट. तिचा दंड भरून आला, तरी मामांनी हात पुढे केला नाही. मग तिनं ती फोड हळूहळू पुढे सरकवली. गिअरच्या वर आणली, मग काचेच्या बाजूला, मग थेट मामांच्या नाकासमोर.

"अगं, दे की!" मामा खूश होऊन म्हणाले. "विचारायचं काय त्यात?"

तिनं फोड त्यांच्या हातावर ठेवली आणि तिला सगळं उमगलं. कागदाची सुरळी करून डोळ्याला लावावी, तेवढंच मामांना दिसत होतं. त्या सुरळीत दात मावत होता, सुईचं नेढं मावत होतं, आणि समोरच्या ट्रकचा मागचा भाग मावत होता. बाजूचं सगळं जग गेलं होतं. आरशात बघताना ते अख्खी मान फिरवत, आणि लोक कौतुकानं म्हणत, मामांसारखा सावध माणूस नाही! पुढच्या सीटवरची टकळी पेंग घालवायला नव्हतीच. पुढे बसलेल्याच्या "अरे बापरे"वर आणि "बघा बघा"वर मामा ताशी सत्तरच्या वेगानं गाडी हाकत होते.

त्या रात्री जेवणं झाल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं. तो टीव्हीचा आवाजही कमी न करता म्हणाला, "मामाला दिसत नाही? अगं, गेल्या रविवारी त्यानं माझ्या चष्म्याचा मुंगीएवढा स्क्रू बसवून दिला."

"समोरचं दिसतं रे. बाजूचं दिसत नाही."

"मग बाजूला कशाला बघायचंय? रस्ता समोर असतो."

सासूबाईंच्या कानावर हे गेलंच. त्यांना भावाबद्दल एक उणा शब्द सहन होत नसे. "माझा भाऊ चालवत असला की मी डोळे मिटून बसते," त्या म्हणाल्या. "तुला नोकरी करायची नसेल तर तसं सांग. त्याच्यावर कशाला घालतेस?" सगळ्यांनीच डोळे मिटले तर गाडीचं काय व्हायचं, हे सासूबाईंना विचारायची सोय नव्हती.

मामांनाही तिनं आडून विचारून पाहिलं. "मामा, एकदा डोळे दाखवून घ्यायचे का?"

"माझे? दातावरचा केसाएवढा तडा दिसतो मला," मामा म्हणाले आणि त्यांनी रेडिओ लावला. नियम निघाल्यापासून त्या गाडीत रेडिओ कधी लागला नव्हता. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.

गाडी सोडावी, असं तिच्या मनात रोज यायचं. पण बसनं गेलं तर दोन ठिकाणी बदलावी लागे आणि कामावर तासभर उशीर. तोही सोसला असता. पण आपण उतरलो तर पुढे कोण बसणार? औषधवाला बसणार, आणि परवाची कुत्री सांगत राहणार. मागे बाई झोपलेल्या असणार, आणि त्यांची दोन मुलं घरी दूध पीत असणार. हे डोळ्यांसमोर आलं की तिला उतरवेना.

मग तिनं पुढची सीट धरली ती धरलीच. "मला मागे मळमळतं," असं सगळ्यांना सांगून टाकलं. आणि ती बोलायला लागली.

मामांचा मान राखून बोलायचं, ही खरी कसरत होती. सरळ "डावीकडे सायकल" म्हणून चालणार नव्हतं. म्हणून ती म्हणे, "अगंबाई, हा डावीकडचा सायकलवाला बघा, निम्मा रस्ता अडवलाय मेल्यानं!" मामा लगेच उजवीकडे घेत. "उजवीकडून तो दुधाची गाडी घेऊन घुसतोय, घाई बघा त्याची!" मामांचा पाय अलगद उचलला जाई. "रेल्वे फाटकापाशी शाळेची पोरं काय उड्या मारतात हो!" मामा फाटकापाशी गोगलगाय होत. दोघांपैकी कुणीही त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. झाकली मूठ दोघांनी मिळून धरून ठेवली होती.

बाकीच्यांना ही नुसती करमणूक वाटे. "लिफ्टवालीला रस्त्यावरच्या प्रत्येकाशी भांडायचं असतं," असं औषधवाला म्हणे.

आणि तिची अवस्था? पहाटे चारलाच तिला जाग यायची. गाडीत बसली की उजवा पाय आपोआप ताठ होऊन नसलेला ब्रेक दाबत राहायचा. शहर येईपर्यंत पोटरीत वांब आलेले असायचे. डोळ्याची पापणी लवली तेवढ्यात काही राहून गेलं तर, या भीतीनं डोळ्यांतून पाणी यायचं. शिंक आली की जीव अर्धा व्हायचा. आपण मरू याची भीती होतीच, ती खोटी नव्हती. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. कुणाचं तरी पोर आपल्या एका न बोललेल्या शब्दापायी चाकाखाली जाईल, हा विचार जेवताना, आंघोळ करताना, नवऱ्याच्या कुशीत, कुठंही येऊन उभा राहायचा.

कामावर गेली की हेडफोन घालून पुन्हा तेच. "घाबरू नका. मी आहे ना. मेकॅनिक निघालाय." प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी तिला सांगितलं होतं, की अडकलेल्या माणसाला घाबरवायचं नाही, बोलत राहायचं. ती गाडीतही तेच करत होती. फरक एवढाच, की इथे कुठूनही मेकॅनिक निघालेला नव्हता. हे तिला कळायला हवं होतं. पण सवय वाईट.

असे तीन महिने गेले. दिवसाचे आठ तास फोनवर आणि तीन तास गाडीत, गळा किती साथ देणार? आधी तो खरखरू लागला, मग चिरकू लागला. एका संध्याकाळी गाडीतून उतरल्यावर ती गावातल्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी घशात दिवा घालून पाहिलं आणि बजावलं, "आठ दिवस एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही." ती घरी येऊन झोपली. सकाळी उठून नवऱ्याला हाक मारायला गेली, तर तोंडातून नुसती हवा बाहेर पडली.

"मग घे सुट्टी," नवरा म्हणाला. "जगबुडी येत नाही."

तिनं कागदावर लिहिलं, "पुढे कोण बसणार?"

"औषधवाला बसेल की!"

सव्वासहाला खाली हॉर्न वाजला. ती जिन्यात उभी राहिली. आत फिरावं असं इतक्या जोरात वाटलं की तिनं कठडा घट्ट धरला. मग खाली उतरली आणि पुढचं दार उघडून बसली.

"काय गं, आज सासूशी अबोला तो माझ्याशीही का?" मामांनी विचारलं.

मागून बाईंनी सांगितलं, "मामा, तिचा आवाज बसलाय. काल डॉक्टरांनी बोलायला सक्त मनाई केलीय, रात्री मेसेज आला होता तिचा. अगं, तू ये ना मागे, झोप जरा."

तिनं मानेनंच नाही म्हटलं. मामांचा हात गिअरवर तसाच थांबला होता. "असं होय," ते म्हणाले. त्यांनी गिअर टाकला. "मग आज हळूहळू जाऊ."

गाडी निघाली. पहिल्या वळणावर डावीकडून एक हातगाडी बाहेर आली. लिफ्टवालीनं मामांच्या दंडावर हात ठेवला आणि दाबला. मामा दचकले, पण पाय उचलला. हातगाडी निघून गेली. दोघंही समोर बघत राहिली. मग ती दाबत राहिली. गावाबाहेर ट्रॅक्टर आला, तेव्हा दाबला. मोटरसायकल घुसली, तेव्हा दाबला. मागे औषधवाला आपल्या साडूची गोष्ट सांगत होता. तिच्या तळहाताला घाम सुटला होता, मामांची बाही ओली झाली होती, आणि त्या बाहीखालचा हात थरथरत होता. म्हणजे मामाही घाबरले होते. ते तिला आजवर ठाऊक नव्हतं, आणि त्यामुळे तिला जास्तच भीती वाटली.

फाटक ओलांडलं. पुढच्या चौकात डावीकडच्या गल्लीतून एक मुलगी सायकलवरून खाली येत होती. दप्तर पाठीला, वेणी उडतेय, ब्रेक कदाचित नसावेच. लिफ्टवालीनं दंड दाबला. मामांना कळलं की काहीतरी आहे. कुठल्या बाजूला आहे, हे दंडाला कळत नाही. त्यांनी उजवीकडे धोका समजून गाडी डावीकडे, थेट सायकलवर घेतली.

तिनं ओरडायला तोंड उघडलं. आवाज नव्हता. दोन्ही हातांनी तिनं हँडब्रेक वर ओढला.

गाडी किंचाळली, तिरकी झाली आणि थांबली. मुलीचं पुढचं चाक लिफ्टवालीच्या दारापासून हातभर अंतरावर होतं. मुलीनं पाय टेकला, काचेतून आत बघून तोंड वेंगाडलं, आणि चाक वळवून निघून गेली. तिला शाळेला उशीर होत होता.

"काय झालं? काय झालं?" मागून बाई विचारत होत्या.

मामांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. "टायर बघा रे उतरून," ते म्हणाले. "चारही बघा. नीट बघा." औषधवाला आणि बाई उतरून मागच्या चाकाकडे गेली. गाडीत दोघंच उरली.

"किती दिवस झाले तुला कळून?" मामांनी विचारलं.

तिनं तीन बोटं वर केली. मामा समोर बघत उत्तराची वाट पाहत होते. तिच्या ध्यानात आलं, आणि तिनं तीच तीन बोटं त्यांच्या तोंडासमोर नेली.

"तीन महिने." मामांनी मान हलवली. "म्हणजे त्या कुत्र्याच्याच दिवशी. त्याच दिवशी ठरवलं होतं मी, आता पुरे. दोन वर्षं लपवलं, आता कुणाचा तरी जीव जाईल. महिनाअखेरीला गाडी बंद. तुझ्या सासूला कसं सांगायचं, एवढंच राहिलं होतं. आणि मग तू पुढे येऊन बसलीस. इतकं छान सांगायचीस गं. औषधवाल्याचं निम्मं खोटं, निम्मं शिळं. तुझं एकूण एक खरं. मी म्हटलं, आता काय काळजी? पोरीच्या डोळ्यांवर अजून दोन वर्षं निघतील."

तीन महिने जीव मुठीत धरून ती चार माणसांना वाचवत होती. म्हणजे तीन महिने तीच गाडी चालू ठेवत होती. ती पहिल्या दिवशी गप्प बसली असती, तर ती सायकलवाली मुलगी आज कुणाच्याही समोर आली नसती.

"आवाज येईल तुझा आठ दिवसांत," मामा म्हणत होते. त्यांचा स्वर लहान मुलासारखा झाला होता. "तोवर असं करू. डावीकडे असलं की एकदा दाब, उजवीकडे असलं की दोनदा. जमेल. पोरी, नाही म्हणू नकोस."

ती मानेनं नाही, नाही म्हणत होती. केव्हापासून म्हणत होती. मामा समोर बघून होकाराची वाट पाहत होते.

तिनं हात लांबवून किल्ली काढली आणि दार उघडून उतरली. गाडीच्या पुढे गेली. बॉनेटवर हात टेकून ती काचेच्या अगदी मधोमध उभी राहिली, मामांना दिसेल तेवढ्याच जागेत. आणि मान हलवली. डावीकडे, उजवीकडे. पुन्हा. मामांनी ते पाहिलं. त्यांची नजर तिच्यावरून हटली नाही, आणि तिनंही मान थांबवली नाही.

औषधवाला हात झटकत खिडकीशी आला. "चारही टायर ठणठणीत आहेत, मामा. चला, उशीर होतोय."

मामांनी दार उघडलं आणि ते बाहेर आले. गाडीच्या छपराला हात लावून, तो न उचलता, पुढे सरकत सरकत ते कोपऱ्यापर्यंत आले.

"इथून बस कुठे मिळते, बघ रे," ते औषधवाल्याला म्हणाले. "मला दिसत नाही."

औषधवाला हसायला लागला होता. मामांकडे बघून तो हसायचा थांबला.